गॅमा-किरण स्फोट आणि प्रकाशाचा वेग: तालुक्याच्या कॉलेजात लॅपटॉपवर होईल अशी चाचणी

पऱ्हाटी (धागाकर्ता)

बीएस्सी शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी प्रकल्प ठरतोय: जास्त ऊर्जेचा प्रकाश कमी ऊर्जेच्या प्रकाशापेक्षा हळू चालतो का, हे गॅमा-किरण स्फोटाच्या (दूरच्या दीर्घिकेत क्षणभर उठणाऱ्या अतितेजस्वी झोताच्या) खऱ्या विदेवर, म्हणजे निरीक्षणांच्या आकड्यांवर, तपासायचं. स्फोट निवडलाय जीआरबी ०९०५१०. १० मे २००९, फर्मी उपग्रह, रेडशिफ्ट (झेड, वाटेत विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप) ०.९०३. ट्रिगरनंतर (उपग्रहाने स्फोट टिपल्याच्या क्षणानंतर) ०.८२९ सेकंदांनी सुमारे ३१ जीईव्हीचा एक फोटॉन (प्रकाशाचा कण) आला होता. (जीईव्ही हे ऊर्जेचं एकक: १ टीईव्ही = १००० जीईव्ही, १ जीईव्ही = १००० एमईव्ही, १ एमईव्ही = १००० केईव्ही.)

साधनं: ८ जीबी रॅमचे चार संगणक, यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात येईल तसलं इंटरनेट, दिवसा आळीपाळीने भारनियमन. वेळ सहा आठवडे.

आधी कागदावर अंदाज काढला. प्रकाशाचा प्रवास ७.३ अब्ज वर्षं, म्हणजे २.३ × १०^१७ सेकंद. त्याला ३१ जीईव्ही भागिले प्लँक ऊर्जा (१.२२ × १०^१९ जीईव्ही, जिथे क्वांटम गुरुत्वाचे परिणाम अपेक्षित आहेत ती पातळी) या गुणोत्तराने गुणलं की ०.५९ सेकंद उशीर येतो. फोटॉन तर ०.८३ सेकंदांनी आलेला. म्हणजे प्लँक ऊर्जेच्या पातळीवरचा परिणाम या स्फोटाने नाकारला जात नाही. पण सगळीकडे उलट लिहिलेलं आहे. कुठे चुकतंय?

---

सातपुडा_पायथा

प्रवासाचा काळ वापरलात तिथेच चुकलं. दोन गोष्टी सुटल्या. आपल्याकडे ३१ जीईव्हीचा म्हणून पोचलेला फोटॉन निघताना ३१ × १.९०३, म्हणजे ५९ जीईव्हीचा होता. त्यामुळे वाटेच्या सुरुवातीला तो जास्त मागे पडणार. आणि तेव्हा पडलेलं अंतर विश्वाच्या प्रसरणाने नंतर ताणलंही जातं. दोन्ही धरून २००८ मध्ये जेकब आणि पिरान यांनी जे सूत्र मांडलं, तेच आज चालतं. त्याआधीच्या काही निबंधांत (१+झेड)चा हिशोब वेगळा आहे. तिथलं सूत्र उचललं तर हमखास घोळ होतो.

पहिल्या घातासाठी, म्हणजे उशीर ऊर्जेच्या थेट प्रमाणात धरला तर:

उशीर = (ऊर्जा ÷ क्वांटम गुरुत्वाची ऊर्जा) × (१ ÷ हबल स्थिरांक) × के

यातली क्वांटम गुरुत्वाची ऊर्जा म्हणजे परिणाम ज्या पातळीवरचा मानायचा ती, आधी प्लँक ऊर्जेएवढीच धरू. के म्हणजे ० पासून रेडशिफ्टपर्यंत (१+झेड) ÷ √(०.३(१+झेड)^३ + ०.७) याचं संकलन. सिम्प्सनच्या नियमाने चार भाग करून हातानेही निघतं. ०.९०३ साठी के = १.०१ येतो. तुमच्या प्रवासकाळाच्या संकलनात (१+झेड) छेदात असतो, त्याचं उत्तर ०.५२. फरक जवळजवळ दुप्पट.

हबल स्थिरांक (विश्वाच्या प्रसरणाचा दर) ७० धरला, म्हणजे दर ३.०८६ × १०^१९ किमी अंतराला सेकंदाला ७० किमी, तर १ ÷ हबल = ३.०८६ × १०^१९ किमी ÷ ७० = ४.४१ × १०^१७ सेकंद. मग:

४.४१ × १०^१७ × ३१ ÷ (१.२२ × १०^१९) × १.०१ = १.१३ सेकंद.

म्हणजे दर जीईव्हीला ३६.५ मिलिसेकंद. हा आकडा फळ्यावर मोठा लिहून ठेवा, पुढे सगळं त्यावरच मोजायचंय. प्लँक ऊर्जेवर परिणाम असता तर फोटॉन १.१३ सेकंद मागे पडायला हवा होता. तो आला ०.८२९ ला. निष्कर्षच फिरला.

हबल ६७ घेतला काय नि ७३ घेतला काय, ८-९ टक्क्यांचाच फरक. त्यावर वाद घालत बसू नका. ऊर्जेच्या मापातली चूक तेवढीच आहे.

---

धुऱ्यावरचा

मले एक समजलं नाही भाऊ. प्रकाशाचा वेग तर एकच असते, शाळेत तेच शिकवते. मंग ऊर्जेनं वेग बदलते हे काढलं कोणं? अन् बदललाच तर आइन्स्टाइन खोटा पडते काय? दुसरं, एका फोटॉनच्या भरोशावर एवढा मोठा निकाल कसा काय देता? तो फोटॉन उशिरा आला का उशिरा निघाला, हे कोणाले माहीत?

---

वैनगंगा

भाऊ, तुमचा शेवटचा प्रश्नच या विषयाचा गाभा आहे, त्यामुळे पहिला पटकन उरकते.

बदलतो असं कोणी सिद्ध केलेलं नाही. अतिसूक्ष्म अंतरावर अवकाश गुळगुळीत नसेल, तर त्याचा परिणाम जास्त ऊर्जेच्या प्रकाशावर जास्त व्हावा, अशी काही क्वांटम गुरुत्वाच्या कल्पनांची सूचना आहे. परिणाम अतोनात बारीक. १९९८ मध्ये अमेलिनो-कामेलिया, एलिस, माव्रोमाटोस, नानोपुलोस आणि सरकार यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की गॅमा-किरण स्फोट वापरले तर हा बारीकपणा अब्जावधी वर्षांच्या प्रवासात साठून सेकंदांपर्यंत येतो. आजवर कुठेच पक्का उशीर सापडलेला नाही. म्हणून मुलांनी 'शोध लावला' असं लिहू नये. 'परिणाम असलाच तर यापेक्षा लहान' एवढंच लिहावं.

आता उशिरा निघाला की उशिरा आला. शेगावच्या पायी वारीचं घ्या. दोन वारकरी मंदिरात अर्ध्या तासाच्या फरकाने पोचले. मागचा हळू चालला, की घरूनच अर्धा तास उशिरा निघाला? एका जोडीवरून सांगता येत नाही. पण बाळापूरहून निघालेल्या जोड्या आणि नागपूरहून निघालेल्या जोड्या दोन्ही पाहिल्या तर कळतं. निघण्यातला उशीर अंतराने वाढत नाही, चालीतला वाढतो. स्फोटांचंही तेच. वेगवेगळ्या रेडशिफ्टचे बरेच स्फोट घ्यायचे, प्रत्येकाचा उशीर (१+झेड)ने भागायचा, आणि के ÷ (१+झेड) विरुद्ध आलेख काढायचा. रेषेचा चढ म्हणजे वाटेतला परिणाम, अक्षावरचा छेद म्हणजे स्फोटाच्या अंगचा. एलिस आणि सहकाऱ्यांनी ३५ स्फोटांवर हेच केलं होतं. अडचण एकच: अंगचा उशीर सगळ्या स्फोटांत सारखा असतो, हे गृहीत धरावं लागतं. तो तसा नसतो.

---

सातपुडा_पायथा

वारीच्या उदाहरणात एक भर. एकाच स्फोटातही थोडी सोडवणूक होते. कारण जो फोटॉन *पोचला*, तो स्फोट सुरू व्हायच्या आधी निघालेला असू शकत नाही. म्हणून 'जास्तीत जास्त किती उशीर झाला असेल' याला वरून झाकण बसतं. एका फोटॉनवरून मर्यादा मिळते ती यामुळेच. शितावरून भाताची परीक्षा नव्हे ही. हे शीत कच्चं निघालं तर भात शिजलेला नाही, एवढं नक्की सांगता येतं.

(कोणी म्हणेल, हा जास्त ऊर्जेचा फोटॉन कमी ऊर्जेच्या प्रकाशाच्या आधीच निघाला असेल. सर्वसाधारणपणे स्फोटांत १०० एमईव्हीच्या वरचं उत्सर्जन कमी ऊर्जेच्या *नंतर* सुरू होतं, त्यामुळे तो मार्ग फारसा पटण्यासारखा नाही. उलट दिशेची, म्हणजे 'जास्त ऊर्जा जास्त वेगवान' ही शक्यता तपासायला मात्र हे झाकण पुरत नाही.)

---

बेसाल्ट

विदा उतरवायची पद्धत, थेट मुद्द्याचं.

फर्मीवर दोन उपकरणं. जीबीएम: १२ सोडियम आयोडाइडचे डिटेक्टर (८ केईव्ही ते १ एमईव्ही) आणि २ बिस्मथ जर्मेनेटचे (२०० केईव्ही ते ४० एमईव्ही). आणि लॅट: २० एमईव्हीपासून ३०० जीईव्हीच्या पलीकडे. दोन्ही एकाच उपग्रहावर, एकाच घड्याळावर. ही फार मोठी सोय आहे, कारण का ते पुढे सांगतो.

लॅट: फर्मीच्या विदा-पानावर स्फोटाचे आकाशातले निर्देशांक ३३३.५५, उणे २६.५८. त्रिज्या १५ अंश. वेळ मोहिमेच्या सेकंदांत: २६३६०७६८२ ते २६३६०७९८२. ऊर्जा १०० ते ३००००० एमईव्ही. सगळ्यांचं बोट हमखास घसरतं ते इथे: विदेचा प्रकार 'फोटॉन' न घेता 'एक्स्टेंडेड' घ्या. स्फोटांसाठी ट्रान्झियंट वर्ग (थोड्या वेळाच्या घटनांसाठीची सैल गाळणी) लागतो आणि तो साध्या फोटॉन फाइलमध्ये नसतो. साधी घेतली तर फोटॉन कमी दिसतील आणि चूक कळणारही नाही. स्पेसक्राफ्ट फाइल (उपग्रहाची जागा आणि रोख) तेवढ्याच खिडकीपुरती मागवा, संपूर्ण मोहिमेची नको. एवढ्या लहान खिडकीची फाइल अगदी छोटी असते, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही उतरते.

जीबीएम: ट्रिगर क्रमांक बीएन०९०५१००१६. टीटीई फाइल घ्या, त्यात प्रत्येक कणाची वेळ २ मायक्रोसेकंदांपर्यंत असते. सगळे डिटेक्टर उतरवू नका. स्फोटाच्या दिशेपासून ६० अंशांच्या आत तोंड असलेले तीन-चार पुरे. नेट तुटलं तर अर्धवट फाइल उघडते, आणि शेवटच्या ओळी गेलेल्या असतात. फाइलचा आकार सर्व्हरवरच्या आकाराशी ताडूनच पुढे जा.

फर्मीटूल्स (फर्मी विदेचं अधिकृत सॉफ्टवेअर) बसवायची गरज नाही. ती लिनक्सवर कोंडातून बसतात, डाउनलोड मोठा, विंडोजवर डब्ल्यूएसएल लागतं. वेळेच्या या कामाला पायथन, नमपाय, मॅटप्लॉटलिब आणि अ‍ॅस्ट्रोपाय पुरतं. उतरलेल्या फिट्स फाइलच्या (खगोलविदेचा नेहमीचा फाइल-प्रकार) दुसऱ्या भागात टाइम, एनर्जी, आरए, डेक, झेनिथ अँगल, इव्हेंट क्लास हे रकाने आहेत. झेनिथ १०० अंशांच्या वरचे फोटॉन टाकून द्या, ते पृथ्वीच्या वातावरणातून येतात. इव्हेंट क्लास हा ३२ खुणांचा संच आहे. अ‍ॅस्ट्रोपायमध्ये तो उजवीकडून मोजायचा. ट्रान्झियंट ०२०-ई साठी उजवीकडून चौथी खूण.

---

पऱ्हाटी

सातपुडाभाऊ, के पुन्हा काढला, १.०१ आला. बेसाल्टभाऊ, फाइल उतरली. पण दोन भानगडी. एक, १० मे २००९ ची ००:२२:५९.९७ ही जागतिक वेळ २००१ च्या सुरुवातीपासून सेकंदांत बदलली आणि ती शून्य धरली, तर स्फोट दोन सेकंदांनी सुरू होतोय. ० ते १ सेकंदात रिकामं. दोन, उशीर मोजला तर हजार सेकंदांच्या वर जातोय.

---

बेसाल्ट

दुसरी आधी: फिट्समधली ऊर्जा एमईव्हीत असते, तुमची प्लँक ऊर्जा जीईव्हीत. हजाराने भागा.

पहिली: लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला जागतिक वेळेत घातलेला जादा सेकंद. २००५ च्या अखेरीस एक आणि २००८ च्या अखेरीस एक, असे दोन पडलेत. ३०५१ दिवस × ८६४०० = २६३६०६४००. त्यात १३७९.९७ मिळवा, २६३६०७७७९.९७. मग लीपचे २ मिळवा: २६३६०७७८१.९७. हाच ट्रिगर. २००९ च्या जागी २०१९ चा स्फोट घेतला तर ५ मिळवावे लागतील.

एकच घड्याळ ही सोय का, ते आता. दोन वेगवेगळे उपग्रह जोडायचे झाले तर प्रकाशाला एकाकडून दुसऱ्याकडे जायला लागणारा वेळ वजा करावा लागतो. पृथ्वीच्या दोन बाजूंना असलेल्या कमी उंचीच्या उपग्रहांत ४०-४५ मिलिसेकंद. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किमीवर, एल-१ बिंदूजवळ असलेल्या विंड यानाशी तर ५ सेकंदांपर्यंत. हा फरक न काढता 'उशीर सापडला' म्हणाल तर तो उशीर भूमितीचा असेल. एकाच उपग्रहावर ही कटकटच नाही. सूर्यकेंद्राची दुरुस्तीही इथे नको. पृथ्वीचा वेग सेकंदाला ३० किमी, म्हणजे एका सेकंदाच्या खिडकीत चूक फार तर १०० मायक्रोसेकंद.

आंतरतारकीय प्लाझ्माने (ताऱ्यांमधल्या विरळ भारित वायूने) होणाऱ्या उशिराचंही कोणी विचारेल. तो उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्तात घटतो. रेडिओत मोठा, १० केईव्हीला १०^-१८ सेकंदांच्या आसपास. विसरा.

---

मोहफूल

लॅटची नेमकी दिशा ऊर्जेवर अवलंबून असते, म्हणून सगळ्यांना एकच त्रिज्या लावू नका. १०० एमईव्हीला साधारण ५ अंश, १ जीईव्हीला १ अंशाच्या आत, १० जीईव्हीच्या वर ०.१५ अंशाच्या आसपास. १५ अंशांचं सरसकट वर्तुळ घेतलं तर पार्श्वभूमीचे फोटॉन येतात. या स्फोटात एका सेकंदात ते फार नसतात, पण १०० सेकंदांची खिडकी घेतली की त्यातलाच एखादा जास्त ऊर्जेचा कण 'उशिरा आलेला' म्हणून मिरवतो.

---

वैनगंगा

आता उशीर मोजायच्या दोन पद्धती. दोन्हीत आकार गृहीत धरावा लागत नाही, म्हणून मुलांना बऱ्या.

जोड्यांची पद्धत: प्रत्येक दोन फोटॉनसाठी वेळेतला फरक भागिले ऊर्जेतला फरक. ६० फोटॉन असतील तर १७७० जोड्या. त्यांचा हिस्टोग्राम काढा, जिथे शिखर तिथे दर जीईव्हीचा उशीर. अगदी जवळच्या ऊर्जांच्या जोड्या छेदात शून्याजवळचा आकडा देतात आणि दूरवर शेपट्या पसरवतात. त्या काढून टाकू नका, शिखराला त्या हलवत नाहीत. पण हिस्टोग्रामचा पट्टा मर्यादित ठेवा, उणे १०० ते अधिक १०० मिलिसेकंद प्रति जीईव्ही.

तीक्ष्णतेची पद्धत: एक उशीर-दर गृहीत धरा. प्रत्येक फोटॉनच्या वेळेतून दर × ऊर्जा वजा करा. पुन्हा वेळेनुसार लावा. लागोपाठच्या (किंवा दर ५ सोडून) फोटॉनमधल्या अंतराच्या व्यस्ताचे लॉगॅरिदम घेऊन बेरीज करा. वाटेत प्रकाश पसरला असेल तर योग्य दर वजा केल्यावर स्फोट सर्वांत टोकदार दिसेल, बेरीज सर्वांत मोठी होईल. ०.५ मिलिसेकंदाच्या पायरीने ४०० दर तपासा.

इथे काय बिघडतं:

एक, सरकवल्यावर दोन फोटॉनची वेळ योगायोगाने जवळजवळ सारखी झाली की व्यस्त अनंताकडे जातं आणि खोटं शिखर येतं. अंतराला किमान १० मायक्रोसेकंदांची मर्यादा लावा.

दुसरं, वेळेची खिडकी *मूळ* वेळांवर एकदाच लावा. सरकवल्यानंतर लावली तर ३१ जीईव्हीचा फोटॉन काही दरांना खिडकीबाहेर पडतो आणि आलेख पायऱ्यापायऱ्यांचा होतो. हे इतकं सर्रास होतं, की आलेखात पायरी दिसली की पहिला संशय यावरच घ्यावा.

आणि अनिश्चितता: वेळा तशाच ठेवून ऊर्जा फोटॉनमध्ये फेटा, पत्त्यांसारख्या. दर वेळी सर्वोत्तम दर काढा. असं १०,००० वेळा. जो पसारा येतो त्यावरून मर्यादा. जुन्या लॅपटॉपवर काही मिनिटं लागतात. दर ५०० फेऱ्यांनी निकाल फाइलमध्ये लिहा आणि रँडम बीही (फेटण्याचा क्रम ज्यावरून ठरतो तो आकडा) लिहून ठेवा, म्हणजे लाइट गेली तरी पुढून सुरू करता येतं.

---

सातपुडा_पायथा

ताईंनी सांगितलेल्याच्या चुलत पद्धतीने फर्मी गटाने २००९ मध्ये ३० मिलिसेकंद प्रति जीईव्ही ही मर्यादा दिली. ३६.५ भागिले ३० म्हणजे १.२२ प्लँक ऊर्जा. फळ्यावरचा आकडा इथे कामी येतो. २०१३ मध्ये वासिलेऊ आणि सहकाऱ्यांनी याच स्फोटावर तीन पद्धती चालवून ती ७.६ प्लँक ऊर्जेपर्यंत नेली, म्हणजे ४.८ मिलिसेकंद प्रति जीईव्ही.

पण एका फोटॉनची मर्यादा मुलांनी हातानेच काढावी. त्यात गंमत अशी आहे, की फोटॉन तोच, वेळ तीच, आणि उत्तर 'सुरुवात' कुठे धरता त्यावर बदलतं. ऊर्जा सुरक्षित बाजूने २८ घ्या (मूळ निबंधात ३०.५३, खाली २.५६ ची चूक). त्याने प्लँक पातळीचा उशीर १.०२ सेकंद होतो.

सुरुवात पूर्वस्पंदापासून (मुख्य स्फोटाआधीच्या छोट्या झटक्यापासून) धरली, म्हणजे ट्रिगरच्या ३० मिलिसेकंद आधी: उशीर जास्तीत जास्त ०.८५९ सेकंद. १.०२ ÷ ०.८५९ = १.१९ प्लँक ऊर्जा.

मुख्य स्फोट ०.५३ सेकंदाला सुरू होतो, तिथून धरली: ०.२९९. उत्तर ३.४.

१०० एमईव्हीच्या वरचं उत्सर्जन सुरू झालं तिथून, ०.६३: उत्तर ५.१.

१ जीईव्हीच्या वरचं, ०.७३: उत्तर १० च्या घरात.

आणि तो फोटॉन ज्या बारीक टोकावर येऊन बसलाय त्या टोकातच जन्मला असं मानलं, १० मिलिसेकंद: १०२.

१.१९ पासून १०२ पर्यंत! विदा एकच. फक्त पहिल्या ओळीत गृहीतक जवळजवळ नाही, म्हणून निबंधाने मथळ्यात तीच ठेवली.

---

मोहफूल

शेवटची ओळ मुलांना दाखवूच नये असं माझं मत. १०२ हा आकडा मोठा दिसतो म्हणून तोच पोस्टरवर जातो, आणि त्याच्या मागचं 'असं मानलं' गळून पडतं.

---

सातपुडा_पायथा

दाखवावीच. पाचही ओळी एका तक्त्यात, आणि गृहीतकाचा रकाना *डावीकडे*, आकड्याच्या आधी. उजवीकडे टाकला तर कोणी वाचत नाही.

---

धुऱ्यावरचा

आता बसलं डोक्यात. मंग एक सांगा, भारताचा अ‍ॅस्ट्रोसॅट हाय ना? त्यानंबी तर लय स्फोट पाह्यले म्हणते. त्याची विदा काहून नाही घेत?

---

बेसाल्ट

अ‍ॅस्ट्रोसॅटचं सीझेडटीआय हे उपकरण २० ते २०० केईव्हीच्या आसपास चालतं. ३०० केईव्ही धरलं तरी ०.०००३ जीईव्ही. ३६.५ मिलिसेकंद गुणिले तेवढं म्हणजे ११ मायक्रोसेकंद. आणि स्फोटाच्या अंगचा उशीर, म्हणजे कमी ऊर्जेचे स्पंद मागे राहणं, लांब स्फोटांत दहा-शंभर मिलिसेकंद सहज असतो. गव्हाच्या पोत्यात मोहरीचा दाणा. जीबीएमच्या विदेतून २५-५० आणि १००-३०० केईव्ही असे दोन पट्टे घेऊन क्रॉस-कोरिलेशनने (एक आलेख दुसऱ्यावर सरकवून जुळवून) अंगचा उशीर मोजणं हा वेगळा, चांगला सराव आहे. फक्त त्याला प्रकाशवेगाची चाचणी म्हणू नका.

सीझेडटीआयचं खरं बळ ध्रुवीकरणात, म्हणजे प्रकाशलहरी कोणत्या दिशेत कंप पावतात ते मोजण्यात. काही सिद्धांतांत वेगच नाही तर ध्रुवीकरणाची दिशाही ऊर्जेनुसार फिरते, आणि त्यावरच्या मर्यादा वेळेच्या मर्यादांपेक्षा कितीतरी पटींनी कडक आहेत. पण ते सगळ्या सिद्धांतांना लागू होत नाही, वेळेची चाचणी म्हणून वेगळी उरते.

तेजस्वी टीईव्ही स्फोटांसाठी लडाखमधल्या हान्लेला मेस ही २१ मीटरची दुर्बीण ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली आहे. हा तिचा प्रांत.

---

पऱ्हाटी

टीईव्हीचंच विचारायचं होतं. ऊर्जा हजारपट असेल तर मर्यादाही हजारपट कडक यायला हवी ना? मग अजून २००९ च्याच स्फोटाचं नाव का?

---

वैनगंगा

तीन गोष्टी एकाच वेळी हव्यात: जास्त ऊर्जा, जास्त अंतर, आणि झटपट बदलणारा प्रकाश. निसर्ग तिन्ही एकत्र देत नाही. टीईव्ही फोटॉन लांबून येताना अवकाशातल्या अवरक्त प्रकाशाशी धडकून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन होतात. त्यामुळे टीईव्ही स्फोट दिसतात ते जवळचेच.

जीआरबी १९०११४सी: मॅजिक दुर्बिणींनी १ टीईव्हीपर्यंत पाहिला, रेडशिफ्ट ०.४२४५. सूत्राने १ टीईव्हीला १६.६ सेकंद उशीर निघतो. भरघोस! पण दुर्बिणी वळेपर्यंत मिनिटभर गेलं होतं, आणि त्यानंतर दिसला तो एकसारखा मंदावत जाणारा उत्तरप्रकाश. त्यात ना टोक ना खाच. उशीर मोजायला खूणच नाही. मर्यादा आली ०.५८ × १०^१९ जीईव्ही, प्लँक ऊर्जेच्या निम्म्याहून कमी. टीईव्ही असून ०९०५१० च्या मागे.

मर्केरियन ५०१ या दीर्घिकेत तर २००५ मध्ये मॅजिकला १.२ टीईव्हीच्या वरचे फोटॉन सुमारे ४ मिनिटं उशिरा आलेले दिसले होते. तो वाटेतला, ऊर्जेच्या प्रमाणातला परिणाम असता तर ०९०५१० चा ३१ जीईव्हीचा फोटॉन मिनिटांनी मागे पडला असता, तो पडला नाही. म्हणजे अंगचाच. धुऱ्यावरचे भाऊ म्हणाले तेच, उशिरा निघाले.

---

सातपुडा_पायथा

आणि जीआरबी २२१००९ए. ९ ऑक्टोबर २०२२, रेडशिफ्ट फक्त ०.१५१. चीनमधल्या सिचुआनात ४४१० मीटरवर असलेल्या लासो वेधशाळेच्या पाण्याच्या टाक्यांनी ०.२ ते ७ टीईव्हीचे ६४,००० हून जास्त फोटॉन मोजले. के = ०.१५७, म्हणून प्लँक पातळीवर १ टीईव्हीला ५.७ सेकंद, ७ टीईव्हीला ४० सेकंद. लासो वळवावी लागत नाही, आकाश सतत उघडं असतं, त्यामुळे चढ आणि शिखर दोन्ही मिळाले. मर्यादा १० प्लँक ऊर्जा. प्रकाश तुलनेने गुळगुळीत होता, पण संख्येने ती उणीव भरून काढली.

दुसऱ्या घाताच्या चाचणीत मात्र टीईव्हीच राजा, कारण ऊर्जेचा वर्ग येतो. ०९०५१० साठी दुसऱ्या घाताने प्लँक ऊर्जा ठेवली तर उशीर ६ × १०^-१८ सेकंद, कोणतंही घड्याळ पुरणार नाही. म्हणून तिथल्या मर्यादा प्लँकच्या कोट्यवधी पटींनी खाली आहेत. ०९०५१० ची १.३ × १०^११ जीईव्ही, लासोची साधारण ७ × १०^११.

मुलांना २२१००९ए ची फर्मी विदा देऊ नका. इतका तेजस्वी होता की ऐन भरात जीबीएम आणि लॅट दोन्ही तुंबले. त्या वेळातल्या वेळांवर भरवसा ठेवता येत नाही.

---

मोहफूल

एक पायरी कोणी सांगितली नाही, ती नसेल तर बाकी सगळं हवेत. खोटा उशीर घालून पाहा. ऊर्जा एकदा फेटून घ्या म्हणजे असलेला कोणताही संबंध मोडतो. मग प्रत्येक फोटॉनच्या वेळेत २० मिलिसेकंद × ऊर्जा मिळवा. ३१ जीईव्हीचा फोटॉन ०.६२ सेकंद पुढे जाईल. आता दोन्ही पद्धती चालवा. २० परत मिळाले पाहिजेत. मग ५ घाला, मग २, मग उणे ५. ज्या आकड्याखाली उत्तर भरकटायला लागतं, ती तुमच्या पद्धतीची खरी ताकद. त्याखालची मर्यादा छापू नका.

घालताना दर कोणता ते एका मुलाने ठरवावं आणि चिठ्ठीत बंद ठेवावं. विश्लेषण करणाऱ्यांना कळू देऊ नये.

---

पऱ्हाटी

२० घातले, तीक्ष्णतेच्या पद्धतीने उत्तर १९ च्या आसपास येतंय, पण जोड्यांच्या पद्धतीत दोन शिखरं दिसतात, एक २० जवळ आणि एक शून्याजवळ.

---

वैनगंगा

शून्याजवळचं कमी ऊर्जेच्या फोटॉनमुळे. १०० ते ३०० एमईव्हीचे बहुतेक, त्यांना २० च्या दराने फार तर ६ मिलिसेकंद मिळतात, आणि ते मुळात एकाच टोकात गर्दी करून असतात. ज्या जोडीत निदान एक फोटॉन १ जीईव्हीच्या वरचा आहे तेवढ्याच जोड्यांचा वेगळा हिस्टोग्राम काढून पाहा. शून्याजवळचं शिखर बसलं तर कारण हेच. मात्र ही १ जीईव्हीची सीमा खऱ्या विदेवर जायच्या आधी ठरवा आणि वहीत तारखेसह लिहा. खरी विदा बघून सीमा हलवली की हवं ते उत्तर मिळतं.

---

धुऱ्यावरचा

चिठ्ठी कोणापाशी ठेवाची ते बी लिहा वहीत. नाही तर सकाळी साऱ्या वर्गाले माहीत.